वाकळेचं पोट

शरयूला सहसा कशाची किळस येत नसे. सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात बत्तीस वर्षं काढल्यावर नाकाचे लाड आपोआप संपतात. सडक्या अंड्यांसारखा वास मारणाऱ्या वायूत उभं राहून तिने मुलांच्या जर्नलवर सह्या केल्या होत्या. घरात पाल पडली की तिचा मुलगा धवल खुर्चीवर चढायचा आणि ती पाल कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायची. त्यामुळे त्या सकाळी मळ्यावर तिला जी किळस आली, ती उंदरामुळे नव्हती हे तिला नंतर स्वतःला नीट सांगता आलं. उंदीर नुसता निमित्ताचा धनी झाला.

दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या नऊ जणी चार दिवसांसाठी कोरेगावजवळच्या एका मळ्यावर जायच्या, गोधड्या शिवायला. गटाची प्रमुख संयोगिता त्याला रिट्रीट म्हणायची, बाकीच्या जणी शिबिर म्हणायच्या, आणि मळ्याचे मालक नानासो त्याला ‘लेडीज लोकांचा कॅम्प’ म्हणायचे. नानासो फौजेतून सुभेदार होऊन परत आले होते. आल्याचं शेत राखून उरलेल्या जागेत त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि वरच्या मजल्यावर एक हॉल बांधला होता. स्वयंपाक त्यांची बायको चंद्राबाई करायची.

शरयू त्या चार दिवसांवर उरलेलं वर्ष काढायची, असं म्हटलं तर फार चुकायचं नाही. घरी तिचे सासरे, अण्णा, ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवणं, हे सगळं तिच्याकडे होतं. फक्त हे चार दिवस धवल रजा काढायचा. मळ्यावर कुणी तिला हाक मारायचं नाही. सकाळचं ऊन अकरापर्यंत हॉलमध्ये असायचं. नऊ जणी चटयांवर भिंतीला पाठ लावून बसायच्या, मांडीवर आपापली गोधडी, आणि सात थरांतून दोरा ओढला जाताना जो बारीक खर्र आवाज येतो तो नऊ ठिकाणांहून यायचा. मग कुणीतरी सासूची नक्कल करायचं. कुणी गाणं म्हणायला घ्यायचं आणि दुसऱ्या ओळीला अडकायचं. दातांची डॉक्टर असलेली उत्कर्षा पेशंटांचे किस्से सांगायची. बँकेतली मयूरी, गटात सगळ्यांत लहान, दर अर्ध्या तासाला सुई हरवायची आणि मग सगळ्या जणी जपून उठून आपापल्या बुडाखाली बघायच्या. दुपारी घेवड्याची उसळ, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. जेवून आडवं झालं की डोक्यात एकही विचार नसायचा. शरयूला तो नसलेपणा फार आवडायचा.

यंदा त्यात एक गोष्ट वाढली होती. फेब्रुवारीत पुण्याला हातगोधड्यांचं मोठं प्रदर्शन होतं आणि गटाच्या तीन गोधड्या निवडल्या गेल्या होत्या. एक संयोगिताची, एक उत्कर्षाची, एक शरयूची. फॉर्मवर एक वाक्य छापलेलं होतं: ‘ही गोधडी मी संपूर्णपणे स्वतःच्या हाताने शिवली आहे.’ खाली सही. शरयूने सही केली तेव्हा तिच्या गोधडीचा मधला भाग अजून राहिला होता. चार दिवसांत होईल, असा हिशोब होता.

पण डिसेंबरापासून तिचा उजवा अंगठा सुजला होता. पहिल्याच दिवशी दुपारी, बाकीच्या झोपल्या असताना, ती खाली व्हरांड्यात अंगठा चोळत बसली होती. चंद्राबाई भांडी घासून पदराला हात पुसत आली.

“आवं बाई, काय ह्यो आंगठा. भजं झालंय नुस्तं. द्या हिकडं.”

“नको, होईल माझं मला.”

“कवा हुईल? आंगठा गळून पडल्यावर?”

चंद्राबाईने गोधडी तिच्या मांडीवरून सरळ काढूनच घेतली. ती डावखुरी होती. सुई डाव्या हातात आली की तिचे टाके उलट्या बाजूने पळायचे. वाकळ, म्हणजे गोधडी, नेहमी कडेकडून सुरू करतात आणि फेर धरत धरत आत येतात. उजव्या हाताची बाई एका अंगाने फिरते, चंद्राबाई दुसऱ्या अंगाने. तिचे टाके इंचाला सात, आणि सातही एका मापाचे. शरयूने एकदा पट्टी लावून पाहिलं होतं. चंद्राबाईने बोलता बोलता चार फेर घातले आणि अगदी मधोमधचं चौकोनी ठिगळही बसवून टाकलं. शरयू बघत राहिली. अंगठ्याला बरं वाटत होतं. फॉर्मवरचं वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिने ते जाऊ दिलं.

“संयोगिताताईंची नात चालाया लागली का वो?” चंद्राबाईने विचारलं.

“ओवी? लागली असेल. वर्षाची होऊन गेली.”

“आन् वाकळ पांघरती का?”

“कुठली वाकळ?”

“आवं, नातीसाटी केल्याली. बारकी. गेल्या साली कॅम्पला आल्या तवा म्हनल्या, नात झाली, तुमच्या हातची एक करा. मी चार म्हयनं बसले. ह्यांच्या हाती सांगलीला पोचती केली. आयचं हिरवं लुगडं फाडलं तिच्यापायी. लय मऊ झालं हुतं.” मग जरा हसून म्हणाली, “पोट बी भरलं तिचं. तुमी हसता, पर भरलं.”

पोट भरणं म्हणजे काय ते शरयूला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी चंद्राबाईने हॉलमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. मधलं ठिगळ बसवायच्या आधी त्याच्याखाली नखाएवढा भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर हळद ठेवायची, मग टाके घालून बंद करायचं. वाकळेचं पोट रितं राहू नये, पांघरणारं माणूस उपाशी निजतं. तेव्हा उत्कर्षाने कीड लागेल म्हणून तोंड वाकडं केलं होतं आणि संयोगिता म्हणाली होती, “म्हणजे उंदरांना आमंत्रणच की.” सगळ्या हसल्या होत्या. शरयूही हसली होती. गटातल्या कुणीच तसं कधी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला संयोगिताने आपली गोधडी उघडली. मलमलच्या कापडातून ती अशी काढली, जणू बाळच काढतेय. छोटी होती, तीन फूट बाय चार फूट. गडद हिरव्यावर पिवळट पांढरे तुकडे, आणि सगळीवर ते बारीक टाके, पाण्यावरच्या वलयांसारखे आत आत जाणारे.

“आमच्या आजेसासूबाईंचं लुगडं,” संयोगिता म्हणाली. “माहेरहून आलेलं त्यांच्या. वर्षभर बसले होते. चष्म्याचा नंबर वाढला.”

“काय हात आहे ताई तुमचा,” मयूरी म्हणाली. “माझी गोधडी तर तुमच्यापुढे पायपुसणं आहे.”

गोधडी हातोहात फिरत शरयूपर्यंत आली. तिने ती उजेडात धरली. टाके इंचाला सात. फेर उलटे. संयोगिता गेली सात वर्षं तिच्या शेजारी बसून शिवत होती. तिचे टाके इंचाला पाच पडायचे आणि दमली की चार. एका कोपऱ्याला पट्टी शिवलेली होती, पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याने: ‘संयोगिता, सांगली.’ ती पट्टी मात्र संयोगिताच्याच हातची होती. टाके बरोबर ओळखू येत होते.

शरयूने गोधडी घडी घालून परत दिली. “छान आहे,” ती म्हणाली.

हे दोन शब्द दिवसभर तिच्या जिभेवर बसून राहिले, तेलकट भांड्यातून पाणी प्यावं तसे. तिने तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली, चव गेली नाही. बोलली असती तर काय झालं असतं, हे तिने एखाद्या प्रयोगासारखं मांडून पाहिलं. संयोगिता गट मोडेल. गट मोडला की शिबिर मोडेल. शिबिर मोडलं की वर्षात एकही दिवस तिचा उरणार नाही. शिवाय तिच्या स्वतःच्या गोधडीच्या मध्यावर चार उलटे फेर होते. उत्तर दर वेळी एकच येत होतं: गप्प बस. आणि ते दर वेळी इतकं सरळ येत होतं की त्याचीच शिसारी वाटावी.

सगळ्यांत घाण गोष्ट तिच्या दुपारी जेवताना लक्षात आली. चंद्राबाई वाढत होती. संयोगिता तिला म्हणत होती, “भाकरी जरा पातळ करा हो, चंद्राबाई.” वर हॉलच्या टेबलावर ती हिरवी गोधडी उघडीच पडली होती. संयोगिताने ती लपवलीच नव्हती. चंद्राबाई वर आली, तिने पाहिली, तर काय होईल, हा विचारच संयोगिताच्या मनाला शिवला नव्हता. चंद्राबाईने पाहणं हे तिच्या लेखी कुणी पाहणं नव्हतंच. शरयूने भाकरीचा घास खाली ठेवला.

“काय झालं? आवडली नाही का उसळ?” उत्कर्षाने विचारलं.

“पोट भरलं,” शरयू म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मयूरी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये गेली आणि किंचाळली. शरयू पोचली तेव्हा सगळ्या टेबलाभोवती उभ्या होत्या, पण टेबलापासून हातभर लांब. मलमलच्या कापडाला भोक पडलं होतं. आतल्या हिरव्या गोधडीच्या बरोबर मध्यावर, चौकोनी ठिगळ कुरतडून रुपयाच्या नाण्याएवढं दुसरं भोक पाडलेलं होतं. भोकाभोवती कापसासारखा लगदा, लाळेने चिकटलेला. काळ्या जिऱ्यासारख्या लेंड्या. भोकातून दोन बारीक तपकिरी किडे बाहेर आले, थांबले आणि परत आत गेले.

“ई,” मयूरी म्हणाली. “ई, ई. मला बघवत नाही.”

“हात नका लावू,” उत्कर्षा म्हणाली. “उंदराच्या मुतातून ताप येतो. बघा, पिवळं झालंय सगळं.”

भोकाच्या कडेला खरंच पिवळा डाग होता.

संयोगिताने गॅलरीत जाऊन खाली हाक मारली. “चंद्राबाई, वर या. आणि नानासोंनाही घेऊन या.”

दोघं वर आली. नानासोंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चंद्राबाईच्या हाताला पीठ होतं.

“हे बघा,” संयोगिता म्हणाली. “ही तुमची स्वच्छता. सात वर्षं येतोय आम्ही इथे. इतकी घाण असेल असं वाटलं नव्हतं. पाहुण्यांच्या खोलीत उंदीर, किडे. तुमच्या त्या स्वयंपाकघरात काय असेल मग? आम्ही तेच खातोय तीन दिवस.”

“सॉरी मॅडम,” नानासो म्हणाले. “चूहेदानी लावतो. कालपातुर न्हवता एकबी. ऊसतोड चालूय शेजारी, फडातनं पळत्यात ते.”

“ऊस नका सांगू मला. माणसाला हात धुवायची सवय पाहिजे.”

चंद्राबाईने पिठाचे हात पदरात घेतले. तिने टेबलाकडे अजून नीट पाहिलंही नव्हतं. मान खाली होती. पदराआड ती बोटांवरचं पीठ काढत होती. शरयूला ते दिसलं. ती गॅलरीतल्या बेसिनकडे गेली. थुंकली. चूळ भरली. बेसिनवर कपड्याच्या साबणाची ओली वडी होती. तिच्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग वडी उचलून हॉलमध्ये आली.

“संयोगिता, जरा बाजूला हो.”

“काय करताय?”

“बघते.”

तिने ओला साबण त्या पिवळ्या डागावर हलकेच घासला. हात लावू नका, असं उत्कर्षा पुन्हा म्हणत होती, ती मध्येच थांबली. डाग लाल झाला. आधी विटकरी, मग पिकल्या डाळिंबासारखा. खोलीतल्या नऊच्या नऊ जणींनी आयुष्यात कधी ना कधी हळदीकुंकवाहून येऊन साडीला साबण लावला होता. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“हळद,” उत्कर्षा म्हणाली.

“उंदराचं मूत साबणाने लाल होत नाही,” शरयू म्हणाली. तिने शिवणाच्या डब्यातला चिमटा घेतला आणि भोकातून एक कण बाहेर काढला. करडा, खरबरीत, कडेला पिवळा. “आणि ही ज्वारी. ठिगळाच्या आतून निघाली. उंदराने आणलेली नाही. तो तिच्यासाठी आला.”

खाली विहिरीवरची मोटर चालू झाली.

चंद्राबाई पुढे आली. तिने मलमल बाजूला केली आणि हिरव्या कापडावरून हात फिरवला, लेंड्या झटकत, काहीही न वाटता. “ही तर ओवीची,” ती म्हणाली. “हे आयचं लुगडं माज्या.” तिने गोधडी उलटीसुलटी करून पाहिली. कोपऱ्यावरची पट्टी लागली तशी बोट ठेवून एकेक अक्षर वाचली. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. वाचून झाल्यावर संयोगिताकडे पाहिलं. शरयूला वाटलं, आता नावावरून बोलेल.

“नवी हाय तशीच हाय,” चंद्राबाई म्हणाली. “एक डाग न्हाई दुधाचा. बाळाला घातलीच न्हाई व्हय?”

“अहो चंद्राबाई,” संयोगिताचा आवाज एकदम गोड झाला, “आजकाल डॉक्टर नको म्हणतात असलं जुन्या कपड्याचं. सुनेला नाही चालत. कपाटात पडून राहिली असती. त्यापेक्षा पुण्यात चार लोकांनी बघितली, तर तुमचाच मान नाही का?”

“पट्टीवर तुझं नाव आहे,” शरयू म्हणाली.

संयोगिता तिच्याकडे वळली. “शरयूताई, तुमच्या गोधडीचे मधले चार फेर कोणाचे आहेत? मी परवाच पाहिलंय. मी बोलले का काही?”

“चंद्राबाईंचे.”

“मग?”

“मग माझी सही खोटी आहे. तुझीही.”

उत्कर्षा खाली चटईकडे बघत होती. तिच्याही गोधडीचे दोन कोपरे कुणी वळवून दिले होते, हे त्या क्षणी सगळ्यांना आपोआप कळलं. मयूरीने कप खाली ठेवला. “ताई, प्लीज, वाढवू नका ना आता,” ती म्हणाली. “गटाचं नाव गेलंय छापायला. पत्रिकेत आहे. आपण सगळ्या जाणार होतो पुण्याला, मी रजा टाकलीय.”

“आणि भोक काय, ते बुजवता येईल,” उत्कर्षा पटकन म्हणाली, वाट सापडल्यासारखी. “नवं ठिगळ लावलं की कळणारही नाही. चंद्राबाईच देतील करून दुपारपर्यंत. त्यांचाच टाका आहे, मिळून जाईल. हो ना हो, चंद्राबाई?”

बाकीच्या माना हलल्या. एकीने तर बॅगेतून हिरव्या दोऱ्याचं रीळही काढलं. शरयूने एकेक चेहरा पाहिला. सात वर्षं या बायकांबरोबर ती हसली होती, यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. सगळे चेहरे आशेने चंद्राबाईकडे लागले होते. दुधावरची साय बोटाला चिकटावी तसं तिला झालं, झटकावं तरी निघत नाही असं. आणि त्या सायीखाली तीही होती. परवा दुपारी अंगठा चोळत बसलेली.

तिने छोटी कात्री घेतली, चंद्राबाईच्या हातातल्या गोधडीचा कोपरा धरला आणि पट्टी उसवायला लागली. टाके मोठे होते, बारा होते, पटापट सुटले.

“हे काय चाललंय?” संयोगिता म्हणाली. “माझ्या वस्तूला हात लावायचा काय संबंध तुमचा?”

पट्टी निघाली तशी शरयूने ती मुठीत धरली आणि गोधडी सोडून दिली. “ही तुमची आहे,” ती चंद्राबाईला म्हणाली.

“मला काय करायचीया?” चंद्राबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. घरात आलेल्या मालाची प्रत सांगावी तशी ती बोलत होती. “लेकराला दिल्याली माघारी घेत न्हाईत. आन् उंदराचं उष्टं आता लेकराला घालत बी न्हाईत.” तिने गोधडीची सैलसर घडी केली, काखेत मारली आणि जिना उतरून गेली. नानासोंनी टोपी डोक्यावर ठेवली, नऊ जणींकडे बघून म्हणाले, “च्या ठेवलाय खाली,” आणि तेही गेले.

सगळ्या गॅलरीत आल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर मळ्यातली कुत्री व्यालेली होती, चार दिवसांची सहा पिल्लं घेऊन. चंद्राबाईने पोतं ओढून काढलं आणि तिथे ती हिरवी वाकळ अंथरली. पिल्लं एकेक उचलून वर ठेवली. कुत्री उभी राहिली, तिने मधलं भोक हुंगलं, राहिलेला चुरा चाटला, तीनदा स्वतःभोवती फिरली आणि पसरली.

“वेडी आहे का ही बाई,” संयोगिता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला. “अहो, निवडली गेलेली गोधडी आहे ती.”

शरयू आत जाऊन आपली बॅग भरायला लागली. दाराशी मयूरी आली. “तुम्ही खरंच चाललात? उद्याचा दिवस आहे अजून.”

“हो.”

“पुढच्या वर्षी याल ना?”

शरयूने चष्मा डब्यात ठेवला, डबा बंद केला. “तू येशील?” तिने विचारलं. मयूरीने खांदे उडवले. तिला यायचं होतं, हे दिसत होतं. पुढच्या जानेवारीत आठ जणी इथे नाही तर आणखी कुठे बसतील, कुणीतरी सुई हरवेल, सगळ्या बुडाखाली बघतील. शरयूला त्या हॉलमधल्या उन्हाची आठवण आतापासूनच यायला लागली, आणि त्या आठवणीलाही तीच तेलकट चव होती.

खाली चंद्राबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. शरयू उंबऱ्याशी थांबली. माफी मागायला तिच्याकडे वाक्य नव्हतं. तिने पिशवीतून आपली गोधडी काढली, मधलं ठिगळ वर येईल अशी धरली.

“चंद्राबाई, परवा यात काय घातलंत?”

“काय न्हाई.”

“भाकरी?”

“न्हाई वो.” चंद्राबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “ती कशाला घालू? तुमी म्हनलात न्हवं, परदर्शनाला लावायचीया. भिताडाला कसली आलीया भूक?”

चंद्राबाईने वर पाहिलं नाही. भाकरी फुगत होती आणि तिला तिच्याकडे लक्ष देणं भाग होतं.

नानासोंनी तिला जीपमधून कोरेगावच्या स्टँडवर सोडलं. वाटेत ते फक्त आल्याच्या पिकाबद्दल बोलले, थंडीने कसं पिवळं पडलं ते. कराडला गाडी बदलताना तिने नळावर साबण लावून हात धुतले. नखांच्या कडा लाल झाल्या. दोनदा धुतले, तेवढ्याच राहिल्या. मुठीतली पट्टी केव्हाची पर्समध्ये गेली होती. ती तिने काढली, आणि आपल्या गोधडीच्या कोपऱ्यावरची ‘शरयू, सांगली’ ही दुसरी पट्टी गाडीत बसल्या बसल्या उसवली. दोन्ही पट्ट्या तिने स्टँडवर घेतलेल्या पेपरात गुंडाळल्या. सांगलीत उतरल्यावर कचऱ्याच्या डब्याशी गेली, तर डबा उतू जात होता, भोवती पत्रावळ्या आणि माश्या. तिथेच टाकल्या.

घरी धवल दारात आला. “एक दिवस आधीच? भांडलात की काय?”

“अण्णांनी खाल्लं?”

“खाल्लं. थंडी वाजतेय म्हणतात.”

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने त्यांची पाठ पुसली, त्यांना उताणं केलं आणि आपली गोधडी अंगावर घातली. त्यांनी बाहेर काढलेल्या एका हाताने कापड चाचपलं. दिसत नव्हतं त्यांना फारसं, पण बोटांना अजून कळायचं.

“नवीन दिसते,” ते म्हणाले. “कोणासाठी शिवलीस गं?”

शरयूने त्यांच्या छातीवरचं मधलं ठिगळ पाहिलं, चार उलट्या फेरांच्या आतलं, सपाट. मग शिवणाचा डबा उघडून कात्री काढली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

“धवल,” तिने हाक मारली, “भाकरी आहे का रे काही उरलेली?”

“भाकरी कुठली? पोळी आहे, सकाळची.”

“आण,” ती म्हणाली. “आणि हळदीचा डबा.”